बनुआत्याची देवी आणि माझा पेगनिझम

३ फेब्रुवारी
संकल्प : आजपासून मी पेगन. लॅटिनमध्ये पेगन म्हणजे मूळचा खेडवळ माणूस. पुढे चर्चने अनेक देव पुजणाऱ्यांसाठी त्याची शिवी केली. मग इंग्रज कवी त्याच्यासाठी उसासे टाकू लागले. आता परदेशात लोक हौसेने स्वतःला पेगन म्हणवतात. बावीस तारखेला आमच्या कॉलेजात सेमिनार आहे. हा सगळा प्रवास मी मांडणार. इंग्रजी विभागात दुसरं कोण आहे? उद्यापासून सूर्याबरोबर उठणार.

४ फेब्रुवारी
सूर्य आधी उठला. दीपमालाला सूर्योपासना समजावली. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा. विचारवंताची बायको होणं सोपं नसतं.

७ फेब्रुवारी
आयडिया! औंधजवळ आमच्या गावी बनुआत्या आहे. दर मंगळवारी तिच्या अंगात यमाई येते. बाया येऊन विचारतात, लेकरू कधी होईल, नवरा दारू कधी सोडेल. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. शाळेत असताना तिची लाज वाटायची, आता अभिमान वाटतो. दृष्टिकोन असा बदलतो. (पेपरात घेणे.) तिचा लाइव्ह डेमो ठेवणार!

११ फेब्रुवारी
गावी गेलो. आत्याने विचारलं, "पेगन म्हंजी काय रं?" खेडवळ, म्हणालो. "मग हाय की आमी," म्हणाली आणि हसली. कॉलेजात यायला मात्र तयार नाही. "देवी काय एस्टी हाय व्हय, टायमाला यायला? तिच्या मनात आलं तर येती." मी म्हणालो, माझ्या प्रमोशनचा प्रश्न आहे. मग, येते म्हणाली. शेवटी सगळं संवादकौशल्यावर असतं.

१४ फेब्रुवारी
इतिहासाच्या मिस्बाह मॅडम म्हणाल्या, पेगन हे नाव लोकांनी स्वतः घेतलं नव्हतं, दुसऱ्यांनी चिकटवलं होतं. आत्यांना स्टेजवर उभं करू नका. जळतात माझ्यावर.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
सेमिनार यशस्वी! पेपर उत्तम. प्राचार्यांना मध्ये एकदाच डुलकी लागली. मग आत्या. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट. हलगीवाला मिळाला नाही म्हणून हलगी स्पीकरवर लावली. आत्या डोळे मिटून उभी. काहीच होईना. मी माइकवरून म्हणालो, "आत्या, स्टार्ट!" पोरं हसली. मोबाइल वर झाले. मी जवळ जाऊन कानात म्हणालो, नुसती घूम तरी, माझी इज्जत जाईल.
घुमली. खोटं होतं. खरं मी लहानपणापासून बघत आलोय, मला कळतं. टाळ्या मात्र कडक पडल्या.
गाडीत गावापर्यंत पदराने मळवट पुसत राहिली. दमली असेल.

२७ फेब्रुवारी
क्लिप व्हायरल! नाव 'आत्या स्टार्ट'. गावातली पोरंसुद्धा तिला बघून तसंच ओरडतात म्हणे. क्लिपमध्ये माझं नाव कुठेच नाही. कमेंटमध्ये निषेध नोंदवला.

७ मार्च
प्रमोशन दुसऱ्यालाच. कारण सांगितलं : संशोधनात गांभीर्य नाही. आत्या फोन उचलत नाही.

११ मार्च
गावी गेलो. म्हटलं, देवीलाच विचारावं. विश्वास वगैरे नाही, असंच.
मंगळवार असून आत्याचं अंगण रिकामं. एकही बाई नाही. नाटकं करती म्हणतात, आत्या म्हणाली. मी म्हणालो, ते सोड, माझं प्रमोशन कधी होईल तेवढं देवीला विचार.
"ती येत न्हाई आता. तिच्या नावानं खोटं घुमले न्हवं मी. कशाला यील?" मग म्हणाली, "चल, जेव."
वाढलं आणि दारात जाऊन बसली, रस्त्याकडे तोंड करून. पिठलं छान होतं. जेवताना नवा विषय सुचला : ग्रामीण भागातला पेगनिझम नष्ट होतोय, त्याची कारणं. आत्याला म्हणालो, तुझी मुलाखत हवी.
तिने वळूनही बघितलं नाही. "ताट घासून ठिव," म्हणाली, "आन् जा."
इतक्या वर्षांत तिने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता.
घासलं.