कोकराच्या पाठीवरचं कातडं

९ एप्रिल, शनिवार

अक्षदे, तुझं डोकं म्हणजे आपल्या गावचं तळं. श्रावणात भरल्यासारखं दिसतं, चैतात बघावं तर तळाला भेगा. परवा चष्मा कपाळावर चढवून तूच घरभर चष्मा हुडकत होतीस आणि मी गप बसून गंमत बघत होते. म्हणून इथलं तोंडी सांगायच्या भानगडीत पडत नाय, लिहून पाठवते. म्हणजे बोलते मी, लिहिते सुकेशनी. ही इथली आयाबाई, उस्मानपुऱ्याची. अक्षर टपोरं आहे म्हणतात, मला काय कळतंय. मी बोलले त्यात सुधारणा करायची तिला खोड आहे, ती मी मोडणार. इथं प्रत्येकाला एक वही दिलीय, रोज कसं वाटतं ते लिहायला. बाकीचे 'बरं वाटतं' एवढंच लिहितात. फुकटचा कागद मिळाल्यावर राजाबाई तेवढ्यावर थांबते व्हय? डॉक्टरला दाखवायला एक ओळ, बाकीची पानं फाडून सुकेशनी तुला पोचवेल.

जागा लई नामी. चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्याला लागून. काचेची इमारत, बाजूला दुसरीचं बांधकाम चालू. तुमच्याकडं टँकरमागं बाया एकमेकींच्या झिंज्या धरतात आणि इथं तोटी फिरवली की पाणी. गार हवेच्या यंत्रापायी भर उन्हाळ्यात मी घोंगडं पांघरून बसलेय. बरं झालं, आपलं घोंगडं आणलं. मेंढरं विकली तरी त्यांची लोकर अजून अंगावर आहे.

काम काय, तर गुडघेदुखीचं नवं औषध माणसाला लागू पडतं का ते बघायचं. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसत्या पिठाची. कुणाला कुठली ते डॉक्टरलाही ठाऊक नसतं. मी प्रणय डॉक्टरांना म्हटलं, बाबा, आमच्या गावच्या कंपाउंडरचंही असंच होतं, त्याला कुणी अभ्यास म्हटलं नाय. लई हसले. गोड पोरगा आहे, तुझ्यागत सारखं 'आज्जी, आज्जी' करतो.

एक गंमत सांगते. आपल्या गावचे नानासाहेब इथं माणसं आणून देतात, त्यांनी जीपमधून आणताना वाटेत समजावलं, की आत माझं नाव कडूबाई. त्या नावाची बाई आधी होती, ती घरी गेली. मधेच माणूस कमी झालं तर सगळा अभ्यास बिघडतो म्हणे. म्हणून तिचा पलंग, तिचा झगा आणि तिच्या नावाचा प्लास्टिकचा पट्टा माझ्या मनगटावर. मला काय, लग्नातही नाव बदललंच होतं. आणि कडूबाई नाव तर पक्कं. मागची पोरं दगावली की पुढच्या पोरीला कडू म्हणतात, यमानं चाखून थुंकून टाकावी म्हणून.

१२ एप्रिल, मंगळवार

शेजारच्या पलंगावर मालनबाई आहे, हर्सूलची. तिच्या घराच्या गच्चीवरून जेल दिसतो म्हणे. सांगत होती, तिथल्या कैद्यांना आमच्या आधी पाणी मिळतं. मी म्हटलं, मग एखादी चोरी करायची होतीस, गोळ्या खायला कशाला आलीस? हसली, पण माझ्या पट्ट्याकडं बघून हसू आवरलं. ती माझ्या पलंगाच्या बाजूनं कधी उतरत नाय. पलीकडून वळसा घालून जाते.

गोळी दुपारच्या जेवणानंतर. सिस्टर दारात उभी राहून नाव पुकारते, आपण व्हय म्हणायचं, ती गोळी देते आणि तोंड उघडून जीभ बघते. आज तिनं कडूबाई म्हटलं, मी व्हय म्हटलं.

आणि माझ्या मागून आणखी कुणी तरी व्हय म्हटलं.

मागं भिंत आहे. मालनबाई समोर होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. सिस्टरनं ऐकलं नसावं. सुकेशनी म्हणते, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. असेल. पण घुमलेला आवाज आपलाच असतो, अक्षदे. हा आवाज खरखरीत होता, खूप तहान लागलेल्या बाईचा.

१६ एप्रिल, शनिवार

गुडघा थांबला. पायऱ्या चढले, पाय म्हणून आठवला नाय. डॉक्टर खूश. पण उजव्या बरगडीखाली काही तरी धरलंय, मुठीत धरावं तसं. तोंडाला कडवटपणा, साखर खाल्ली तरी जात नाय. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, वयोमानानं होतं आज्जी. म्हटलं, चार दिवसांत एवढं वय कुठून आलं? त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि थोड्याच गोळ्या राहिल्यात म्हणाले.

रोज दुपारी व्हय दोनदा होतं. आता ती आधी म्हणते, मी मागून.

१९ एप्रिल, मंगळवार

आज अंघोळीला बाह्या वर केल्या आणि डाव्या हातावर गोंदण दिसलं. दोन मेंढरं, मधे चांदणी.

माझ्या हातावर तुळस आहे, ती तुला ठाऊक आहे, लहानपणी तिच्यावर बोट फिरवत झोपायचीस. ती जागेवर आहे. तिच्याखाली ही मेंढरं. साबणानं घासलं, विटकरीच्या तुकड्यानं घासलं. रक्त आलं, मेंढरं गेली नायत. जुनं, हिरवं पडलेलं गोंदण, चाळीस-पन्नास वर्षं अंगावर मुरलेलं असतं तसं.

मालनबाईला दाखवलं. तिनं लांबूनच बघितलं.

"हे तिचं हाय," म्हणाली.

मग बोलली सगळं. कडूबाई आपल्यातलीच, मेंढपाळाची. मागं कुणी नाय. तिचे डोळे पिवळे झाले, बरगडीखाली धरलं, ती रोज म्हणायची मला गोळी नको. डॉक्टर म्हणायचे, थोड्याच राहिल्यात. एका दुपारी पाणी मागता मागता गेली. इथं कुणी मेलं तर अभ्यास बंद पडतो, म्हणून घरी गेली असं सांगितलं. मालनबाईनं खिडकीतून बघितलं. नानासाहेबांची जीप बाजूच्या बांधकामाच्या खड्ड्याला पाठ करून लागली. दोघांनी चादरीचं गाठोडं उतरवलं. एक नानासाहेब, एक प्रणय डॉक्टर. दुसऱ्या दिवशी तिथं सिमेंट ओतलं.

मी नानासाहेबांच्या जीपमधे वाटभर गाणी म्हटली होती गं.

२० एप्रिल, बुधवार

सुकेशनीच्या फोनवरून तुला फोन लावला तो याच्यासाठी. तू म्हणालीस, आजी, तुला करमत नाय म्हणून भुतं दिसतात. आणि वर सांगितलंस, की नानासाहेबांनी तुझं नाव इथं दिलंय. तरण्या धडधाकट पोरींना रोग व्हायच्या आधीच सुई द्यायची, त्या नव्या अभ्यासात. बाजूची इमारत होतेय ती त्याच्यासाठीच. तू कडूबाईच्या अंगावर झोपणार. पोरी, तू ऐकणार नायस, तू माझीच नात.

म्हणून आता तुला विचारत नाय, सांगते.

मेंढीचं कोकरू मेलं की आपण काय करतो? ते सोलायचं आणि त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं. मेंढी हुंगते, आपलंच समजते, जवळ घेते. कोकराला कुणी विचारत नाय. यांनी मला तिचं कातडं बांधलं, नाव, पट्टा, झगा, पलंग. आडाणी माणसं, त्यांना वाटलं नुसतं नाव आहे. ती आली, तिनं हुंगलं.

तिला भिऊन उपयोग नाय. मी आज दुपारी तिला म्हटलं, बाई, मी तुझी नव्हं. पण तुझं कातडं कुणाला बांधायचं ते मला ठाऊक आहे.

पहिल्यांदाच ती माझ्यासमोर येऊन बसली. पाठमोरी. पदरातून सिमेंटची भुकटी गळत होती.

२२ एप्रिल, शुक्रवार

हात सुजला म्हणून सिस्टरनं जुना पट्टा कापला, नवा बांधला. कापलेला मी घोंगड्याच्या दशीत गुंतवला, गाठ मारली. वरून तिच्या झग्याची चिंधी. रात्रंदिवस तेच पांघरलंय, वास पुरेसा लागलाय.

नानासाहेब आले दुपारी, तुझ्या नावाचं पक्कं सांगायला. गार हवेत कुडकुडले. घोंगड्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "अक्का, असं हल्ली मिळत नाय बघा."

न्या, म्हटलं. माझ्या हातानं खांद्यावर टाकलं. जावयाला टाकावं तसं.

सुकेशनीनं लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. लिही, म्हटलं. तसंच लिही.

२५ एप्रिल, सोमवार

गेले नानासाहेब.

त्यांच्या ड्रायव्हरनं सुकेशनीला सांगितलं. डोळे हळदीसारखे झाले. बरगडी धरून बाईच्या आवाजात पाणी मागत होते. पाणी दिलं की थुंकत होते, कडू आहे म्हणून. धुवायला घेतलं तेव्हा हातावर दोन मेंढरं, मधे चांदणी. बायकोनं घोंगडं परत पाठवलं, घरात नको म्हणून.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी पोटभर जेवले.

घोंगडं गेल्यापासून माझं दुखणं उतरलं होतं. हात कोरा, फक्त तुळस. दुपारचं व्हय माझं एकटीचं. आज फाटकातून सरळ बाहेर पडले, कुणी अडवलं नाय. पैठण रस्त्याला गाडीला हात केला. मागून सुकेशनी धावत बातमी घेऊन आली. नानासाहेब नसले तरी अडचण नाय, प्रणय डॉक्टर पुढच्या सोमवारी स्वतःची गाडी पाठवणार, तुझ्यासाठी. तू व्हय म्हणालीस. आजीला भेटता येईल म्हणालीस.

गाडी थांबली होती. मी बसले नाय.

परत आले. पलंगावर घोंगडं घडी करून ठेवलं होतं. पांघरलं, पुढच्यासाठी वास लागायला पाहिजे.

२७ एप्रिल, बुधवार

दुप्पट आलं. श्वास घेतला की बरगडीखाली सुरा. मेंढरं दोन्ही हातांवर. तुळस पुसत चाललीय — बोट फिरवलं तर लागत नाय.

शनिवारी मुंबईचे पाहुणे येणार आहेत, अभ्यास बघायला. मी डॉक्टरांना म्हटलं, आमच्याकडं मोठ्या माणसाचा मान घोंगडं आणि काठी देऊन करतात. भंडारा लावतात. पाहुण्यांसमोर करू? फोटो निघेल.

त्यांचे डोळे चमकले. आज्जी, तुम्ही किती गोड आहात, म्हणाले.

२८ एप्रिल, गुरुवार

आरशात — सुकेशनी म्हणते बघू नका. डोळे पिवळे. हसले तर ती हसते, माझ्या आधी.

कडूबाई विचारते, डॉक्टरनं पांघरल्यावर तुला सोडू का. मी म्हटलं, आधी तो.

मालनबाईला सुकेशनीनं घरी घालवलं. बरं केलं. एक जीव —

३० एप्रिल, शनिवार

उभं केलं दोघींनी धरून. एक सुकेशनी. दुसरी पाहुण्यांना दिसली नाय.

भंडारा लावला कपाळाला. काठी दिली. घोंगडं टाकलं खांद्यावर, दशी गळ्याशी आवळून — फोटो काढले — सगळे टाळ्या —

मी त्याच्या कानाशी म्हटलं, "थोड्याच राहिल्यात."

तो हसला. मग डावी बाही खाजवायला लागला. खाजवतच राहिला.

१ मे, रविवार

खाली गडबड. डॉक्टर ओरडतो आहे. पाणी, पाणी. कुणी दिलं की थुंकतो. पाहुणे पळाले, पोलीस आलेत, बाजूचं सिमेंट फोडताहेत. त्यानंच सांगितलं कुठं फोडायचं. बाईच्या आवाजात.

उद्याची गाडी येणार नाय, अक्षदे. तू यायचं नाय.

माझं दुखणं थांबलं. सगळंच थांबलं. सकाळपासून मला कुणी हाक मारली नाय. पलंगावर कुणाला तरी तोंडापर्यंत चादर ओढलीय. सुकेशनी भिंतीला पाठ लावून लिहिते आहे, रडते आहे. तिला आवाज येतो तेवढं लिहिते. लिही गं, घाबरू नको —

कडूबाई शेजारी बसलीय. आज तोंड इकडं आहे. बरी दिसते. भूक लागलीय म्हणते.

अक्षदे, डबा पाठव. फाटकापर्यंतच, आत पाऊल टाकू नको, सुकेशनी घेईल. दहीभात दोन ठिकाणी कालव. कडूबाईचा अळणी, मेलेल्या माणसाला मीठ चालत नाय. दुसरा माझा. त्यातही मीठ घालू न—