पंपाचा ठसा

क्रूसेस, ३ मार्च १९९७
ती. सेनाइदाताईस,
फर्मिनचा सा. न. वि. वि.
तू मायामीहून धाडलेला वॉटर पंप मिळाला. खोकं उघडताना आख्खी गल्ली जमली होती. पंप देखणा आहे, फक्त आपल्या शेव्हरलेचा नाही. दोन बोल्ट बसले, बाकीचे बसेनात. गाडी एक्कावन्न सालची, एवढंही तिथल्या दुकानदाराला कळू नये?

जुना पंप गळतोच आहे. आईला आठवड्यातून तीनदा सिएनफुएगोसला डायलिसिसला न्यायचं, आणि दुसरं वाहन भरवशाचं नाही. वाटेत पाल्मिरा गावी थांबतो. रेग्ला नावाची बाई रेडिएटरसाठी पाणी देते. इंजिन निवेपर्यंत आई तिच्या ओट्यावर गप्पा मारते. उन्हाळ्यात मात्र हे निभणार नाही.
तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
फर्मिन

हायालिया, मायामी, २१ मार्च
चि. फर्मिन, अ. उ. आ.
दुकानदाराला बोल लावू नकोस. इंजिन कुठलं, असं त्याने विचारलं होतं. गाडीचं मूळचंच, असं मी ठसक्यात सांगितलं. रात्री डायरीत ते लिहिताना हात थबकला. ज्या घरात बाबांनी धुण्याच्या यंत्राच्या मोटारीवर पंखा फिरवला, तिथल्या गाडीत सगळं मूळचंच असेल, हे मी कशावरून ठरवलं? मला खात्री नव्हती. गाडीचा अभिमान होता, इतकंच.

आता गाडीचं साल विसर. स्टार्टरमागे इंजिनच्या ब्लॉकवर उठावाचे अंक असतात. रॉकेलने मळ काढ, कागद ठेवून पेन्सिल घास. पंप उतरवशील तेव्हा त्याचं तेलकट तोंड मला पाठवायच्या पत्राच्या पाठीवर दाब. मापं लिहून पाठवू नकोस. तू मापं घेऊन केलेला पलंग दारातून आत गेला नव्हता.
आईला जप, स्वतःलाही.
ताई

क्रूसेस, ९ एप्रिल
ती. ताईस, सा. न. वि. वि.
अंक आणि ठसा मागच्या बाजूला आहेत. पलंगाचं तू मरेपर्यंत काढणार.

सोमवारी पाल्मिराच्या अलीकडेच पाणी उकळलं. पोहोचलो तोवर आईची पाळी दुसऱ्याला दिलेली. दुसऱ्या दिवसापर्यंत ती बाकावर बसून धापा टाकत होती. लोक म्हणतात, इंजिन काढ आणि ट्रॅक्टरचं बसव. त्यातही महिना जाईल. तुझं उत्तर येईपर्यंत हेच चालवतो. आता दोन डबे पाणी बरोबर ठेवतो आणि तासभर आधी निघतो.
तुझा,
फर्मिन

हायालिया, २८ एप्रिल
चि. फर्मिन, अ. उ. आ.
अंक दाखवताच दुकानदार हसला. इंजिन चौपन्न सालचं आहे. तरी मी विश्वास ठेवला नाही. तुझा कागद पंपावर धरला, उजेडात पाहिला, एकेक भोक जुळवलं. माझे हात काळे झाले, ग्राहक खोळंबले. मी हलले नाही. पंप आणि दोन पॅकिंगं पाठवते आहे. बसला नाही तर पुन्हा ठसा पाठव. मी पुन्हा जाईन.
आईच्या पायांची सूज कळव.
ताई

क्रूसेस, १५ मे
ती. ताईस, सा. न. वि. वि.
बसला. सगळे बोल्ट हातानेच फिरले. आज आईला वेळेआधी पोहोचवलं. पायांची सूज उतरते आहे.

जाताना पाल्मिरा आलं. इंजिनच्या उष्णतेचा काटा जागचा हलला नव्हता, म्हणून मी गाडी दामटली. आईने खांद्यावर चापट मारली. म्हणाली, गाडी बरी झाली म्हणून माणसं टाकायची नसतात. मागे वळवली. रेग्ला बादली भरून रस्त्यातच उभी होती. पाणी तिच्या जास्वंदीला घातलं आणि कॉफी आम्ही प्यालो.
लोभ आहेच, तो गळू देऊ नकोस.
फर्मिन