चाकू टेबलावर ठेवलाय

ईडन प्रेरी, अमेरिका, मे २००५

दादा,

दर शनिवारी मी गराज सेलमध्ये, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान दारात विकायला मांडतात तिथे, खिशातले जुने अमेरिकन चाकू शोधतो. स्वस्तातले, गंजलेले. घरी आणून घासतो, तेल देतो. पातं टक्कन मिटलं की आठवडा सार्थकी लागतो. बायको, आश्लेषा, म्हणते, "यार, लोक स्टॅम्प्स कलेक्ट करतात!"

आज एक आजोबा हाडाच्या मुठीचा चाकू हातात देऊ लागले. मी म्हटलं, टेबलावर ठेवा. हातात दिला की भांडण होतं, असं आई म्हणायची ना? ते हसले, पण ठेवला.

आपण तर कधीच हातात दिला नाही. तरी भांडलोच.

पेरू तूच छान कापायचास, म्हणून हा तुला. पोस्टाने पाठवणार नाही, हे पत्रसुद्धा नाही. दोन्ही टेबलावर ठेवलंय. येऊन उचल.

तुझाच,
निमिष