मागचा ॲक्सल

५ जानेवारी

ती. अप्पांना,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, फक्त माझी पिकअप विटांवर बसली आहे. गेल्या रविवारी खडक चढताना तिचा मागचा ॲक्सल काडीसारखा मोडला. तुमचे चिरंजीव म्हणाले, आता तरी गाडी खडकांवर चढवायचं हे खूळ सोड. मी म्हटलं, आठवडाभर दवाखान्यात लोकांच्या जबड्यात वाकून दात उपटते, रविवारी तरी मला मान वर करू दे. ते चहा टाकायला उठले. म्हणजे पटलं, असं मी धरून चालते.

आता मुद्द्याचं, घाबरत घाबरत. तिकडे ताईंकडे, तुमच्या लेकीच्या अंगणात, तुमचा छोटा ट्रक उभा आहे. त्याचे दोन्ही ॲक्सल चांगले जाडजूड, दगड वाहून मुरलेले. ते माझ्या पिकअपला बसवले तर ती खडकावर निर्धास्त चढेल. ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा तुमचा बेत मला माहीत आहे, त्यामुळे नाही म्हणालात तरी रुसणार नाही. फार तर आठवडाभर.

लोभ आहेच, या मागणीनंतरही तो तेवढाच ठेवावा.

तुमची सून

१२ जानेवारी

चि. सौ. दातवालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. माझा ट्रक म्हणजे काय भंगार वाटलं तुला? मग अंगणात जाऊन बघतो तर केबिनमध्ये मांजर व्यालेली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच उपरा. तेव्हा घेऊन जा ॲक्सल. मांजरीला मात्र हलवू नकोस.

ॲक्सलवर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका वेल्ड करण्याआधी गाडी तिच्या पूर्ण वजनावर उभी कर आणि मगच इंजिनाकडून ॲक्सलकडे फिरत येणाऱ्या शाफ्टचा कोन बघ. घाई केलीस तर शाफ्ट जन्मभर थरथरेल. आतले गिअर उघडू नकोस. पुढच्या-मागच्या गिअरचे दात सारखे, जोडीचे आहेत, मी स्वतः बसवलेत. तुझी नणंद म्हणते, अप्पा हल्ली विसरतात. चष्मा विसरतो, कबूल. माझे वडील शेवटी शेवटी मला पाहुणा समजून पाणी घेणार का विचारायचे, ते मी बघितलंय. म्हणून रोज सकाळी उठलो की तो ट्रक मनात पूर्ण खोलतो आणि परत जोडतो. जोवर तो नीट जुळतोय, तोवर मी शाबूत आहे.

तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी खडक चढते तेव्हा समोर उभं राहून वाट दाखवायची असते. कडेला उभं राहून तोंड वाकडं करायचं नसतं.

माया आहे, ती लिहून दाखवायची सवय नाही.

अप्पा

२० फेब्रुवारी

ती. अप्पांना,
सा. न. वि. वि.

ॲक्सल बसले. तुमच्या चिरंजीवांनी आधी कुरकुर केली, मग जॅक धरला, आणि शेवटी या कानापासून त्या कानापर्यंत ग्रीस फासून मलाच शिकवायला लागले. इंजिनाची ओढ चारी चाकांना जुंपून खडीवर गाडी फिरवून बघितली, लोण्यासारखी चालली. शाफ्ट अजिबात थरथरत नाही. तुमच्या कोनाला शंभर नमस्कार.

आता जे सांगायचं ते सांगते. काल खडकावर नेली. चारी चाकं जुंपून चढ घेतला आणि अर्ध्यात गाडी आखडली. पुढची चाकं सोडवायचं लिव्हर निघेना. मग मोठा आवाज झाला, पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी मधली गिअरपेटी फुटली, आणि गाडी मागे घसरत एका कपारीला जाऊन अडकली. हे समोर उभे होते, म्हणून वाचले. मलाही काही झालं नाही.

गाडी ओढून घरी आणली आणि दोन्ही ॲक्सल उघडले. पुढच्याच्या आणि मागच्याच्या दातांचा आकडा वेगळा आहे, अप्पा. खडीवर चाकं घसरतात म्हणून कळलं नाही. खडकाने घसरू दिलं नाही, आणि पुढचं-मागचं आपापल्या वेगाने ओढत राहिलं. चूक माझी. जगाचे दात तपासते आणि नेमके हेच तपासले नाहीत. तुमच्यापासून लपवायचा विचार आला होता. पण मग पुढचं प्रत्येक पत्र लिहिताना चोरट्यासारखं वाटलं असतं.

रागवा, पण दोन ओळी लिहून रागवा.

तुमची सून

२६ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

दात जोडीचे होते. माझ्या डोक्यात ते आजही जोडीचेच आहेत. म्हणजे डोकंच राहिलं नाही.

आज सकाळी मनात ट्रक खोलायला घेतला आणि मध्येच थांबलो. कुठला भाग खरा आणि कुठला मनाचा, कळेना. माझ्या शब्दावर तू गाडी वर घातलीस. ती मागे घसरली म्हणून ठीक. पुढे उसळली असती तर समोर माझा मुलगा होता. यापुढे मला काही विचारत जाऊ नका. मांजरीची पिल्लं मोठी झाली की उरलेला ट्रक भंगारात द्या.

अप्पा

४ मार्च

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

चार दिवस अप्पा वेगळेच वागत होते. दारातून आत येताना मला विचारून येत होते, जणू घर माझं आणि ते पाहुणे. मला भीतीच वाटली. काल खोदून खोदून विचारलं तेव्हा दातांची गोष्ट कळली, आणि ऐकता ऐकता मला सगळं आठवलं.

मी शाळेत होते तेव्हा अप्पा छातीच्या दुखण्याने दवाखान्यात पडून होते. ट्रक बंद ठेवून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून आईने ड्रायव्हर ठेवला. डोंगरातल्या कामावर मागचे गिअर तुटले. तसेच मिळेनात, तेव्हा आईने वेगळे, जास्त दमाचे मिळाले ते बसवून घेतले. मी बॅटरी धरून उभी होते. मिस्त्रीने बजावलं होतं की आता पुढचे-मागचे दात जुळत नाहीत, पुढची चाकं कधी जुंपू नका. डॉक्टरांनी अप्पांना कसलीही काळजी देऊ नका म्हटलेलं, म्हणून आई बोलली नाही. बरे झाल्यावर सांगू, सांगू म्हणताना राहून गेलं. मात्र तिने त्यांना पुन्हा डोंगरात जाऊ दिलं नाही. डांबरी रस्त्यावरचंच काम घ्यायला लावलं, आणि नाव डॉक्टरांचं पुढे केलं.

हे सगळं मी विसरून गेले होते, वहिनी. विसरले ते अप्पा नव्हेत, मी. आता हे पत्र पेटीत टाकते आणि त्यांना सांगायला बसते. रागावतील की काय करतील, माहीत नाही.

तुझी बहीण समजून मला माफ कर.

ताई

७ मार्च

चि. सौ. दातवालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी नणंद सांगत होती आणि रडत होती, म्हणून मला रडता आलं नाही. ती झोपल्यावर ते काम उरकलं.

आता मला आठवतंय. आजारपणानंतर ट्रक चढाला जोमाने ओढायचा. मला वाटायचं, विश्रांतीने त्यालाही बरं वाटलंय. तसं मी तुझ्या सासूला म्हणालोही होतो. ती हो म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. डोंगराचं काम सुटलं म्हणून मी तिच्यावर वर्षभर धुमसलो. ती रोज डबा भरून देत राहिली. आज समोर असती तर चांगलं भांडलो असतो, आणि हरलो असतो.

मी बुधवारी येतोय. गिअरपेटी बघू. दात आधी मी मोजीन, मग तू मोजायचे, मग तुझ्या नवऱ्याने. कुणाच्या शब्दावर गाडी वर घालायची नाही, माझ्या तर नाहीच. वर चढताना समोर मी उभा राहीन.

एक मात्र आत्ताच सांगतो. जोडी लावायची म्हणून मागचे गिअर काढायला घेऊ नकोस. ते तुझ्या सासूने बसवलेत. पुढचे बदल आणि त्यांच्या जोडीचे कर.

माया आहे. लिहिलं बघ.

अप्पा