वरची पानं, खालची पानं

रॉड्रिग्ज बेट,
६ मे

ती. सोलांजताईस,
फिलोमेनचा सा. न. वि. वि.

आठवतं का गं, सोमवारी सकाळी पप्पा रविवारच्या दारूने डोकं धरून बसायचे आणि मम्मा आपल्याला टेकडीवर रानकॉफीची पानं आणायला पिटाळायची? माझ्या शाळेच्या एप्रनवर डाग पडले की सिस्टर ओरडायच्या. साऱ्या गावाच्या पप्पांनी काढे पिऊन पिऊन ते झाड बेटावरून, म्हणजे जगातूनच, संपवत आणलंय हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आता काळजीचं. फोनवर सांगितलं नाही, तुझी सून स्पीकर लावते. नर्सरीने त्याच झाडाचं वाढवलेलं एक रोप मला दिलंय, हे तुला माहीतच आहे. पानं माझ्या आठवणीतलीच, अरुंद, वाळल्यासारखी तपकिरी. पोरासारखं जपलं. वादळात त्याच्यावर पिंप पालथं घातलं. पण यंदा शेंड्याला भलतीच पानं फुटलीत, गोल, हिरवी, तकतकीत. शेजारची ओडेट म्हणते, खरं रोप कधीच मेलं, हे त्याच्या मुळाशी रानटी काहीतरी उगवलंय. आपला भाऊ राऊल तर चारचौघांत म्हणाला की माझ्या बहिणीने उरलंसुरलं झाडही मारलं. दोन आठवड्यांनी नर्सरीचा माणूस बघायला येणार. त्याला आधी विचारायची लाज वाटते. हिरवं तेवढं छाटून टाकू का? लगेच लिही.

तुझी धाकटी,
फिलोमेन

क्युरपिप, मॉरिशस,
१० मे

चि. फिलोमेनला अनेक आशीर्वाद.

आधी कात्री खाली ठेव, मग पुढे वाच.

अगं वेडे, तू तेव्हा माझ्या कमरेला लागायचीस. तुझा हात पोचायचा तो बुंध्याजवळच्या मरतुकड्या पानांपर्यंत. वरची मी तोडायचे, आणि ती गोल, हिरवीच असायची. झाड एकच. मम्मा काढ्यात माझी घालायची आणि तुझी गुपचूप चुलीत टाकायची. तू रडशील म्हणून कधी बोलली नाही.

तुझं झाड मेलेलं नाही, वयात आलंय. म्हाताऱ्या आपण झालो. राऊलला माझ्या वतीने एक चापट दे.

तुझी ताई,
सोलांज

रॉड्रिग्ज बेट,
२० मे

ती. सोलांजताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र अंगणात झाडासमोर उभं राहून दोनदा वाचलं. नर्सरीचा माणूस काल आला. टोपी काढली, वाकून एकेक पान उलटून बघितलं. मग म्हणाला, मादाम, हिरव्या पानांमागे कळी आहे. मी कात्री ओडेटकडे ठेवायला दिली होती हे त्याला सांगितलं नाही. आज ती कळी उमलली. पांढरीशुभ्र, चांदणीसारखी. मी रडले, ओडेटही रडली, आणि आता ती सांगत फिरते की हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

शनिवारच्या विमानाने गावातली मार्लेन तिकडे येतेय. तिच्या पिशवीतला सुका ऑक्टोपस तुझा, मिरचीचं लोणचं तुझ्या लेकाचं, मधाची बाटली सुनेची. स्पीकरवर गोड बोलेल. फूल गळलं की ते मम्माच्या कबरीवर. कधी फळ धरलं तर ते नर्सरीचं. आज सकाळी राऊल डोकं धरून आला होता, दोनच पानं दे म्हणत. त्याला काळी कॉफी.

लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझी,
फिलोमेन

ता. क. सोबत बुंध्याजवळ गळलेलं एक तपकिरी पान ठेवलंय. ते फक्त तुला. चुलीत टाकू नकोस.