पंपाचा घसा

३ मार्च, सकाळी ७.४०
गाडीची नोंदवही आजपासून सुरू. कारण गंभीर आहे. सहा महिन्यांपूर्वी सासरे मेहुणीकडे राहायला गेले तेव्हा स्वतःची गाडी आमच्या दारात लावून गेले. म्हणाले, १४ मार्चला धुराची तपासणी आहे, मी १३ ला येतो. पास झाली तर गाडी तुमची, नाहीतर विकून टाकतो.
सासरे बत्तीस वर्षं मशीन शॉपमध्ये फोरमन होते. मला भेटले की आधी माझ्या हातांकडे बघतात. एकदा त्यांच्यासमोर बल्ब बदलायला गेलो होतो. तो विषय आता घरात कुणी काढत नाही.
तर, गाडी सकाळी सुरू केली की घूंऽऽ असा आवाज येतो. मॅन्युअल वाचलं. पान २१२. बोनेटखाली एक जादा हवेचा पंप असतो. इंजिन थंड असताना धुरात ताजी हवा सोडतो, म्हणजे उरलंसुरलं पेट्रोल जळून जातं. तोच बिघडलाय. रोग सापडला, म्हणजे अर्धं काम झालंच.

त्याच दिवशी, संध्याकाळ
ऑफिसातून आल्याबरोबर बोनेट उघडून कान लावला. पंप गप्प. सकाळी बोंबलतो, संध्याकाळी मुका! शेवटच्या घटका मोजतोय बिचारा. बायको म्हणाली, अहो, तो थंड गाडीलाच मिनिटभर वाजतो आणि आपोआप बंद होतो, तसाच असतो तो. मी नुसता हसलो. लहानपणी बाबांना टॉर्च धरून द्यायची म्हणे. टॉर्च धरणं वेगळं, पंप वेगळा.

५ मार्च
संकल्प: मेकॅनिककडे जायचं नाही. कोणाला काही विचारायचं नाही. सासऱ्यांना थक्क करायचं.
हत्यारांचा संच आणला. एकशे आठ नग! बायको म्हणाली, पाच लागतील. दुपारपर्यंत पेटी कशी उघडते ते कळलं.

६ मार्च, रविवार
११.००. पंप दिसला. फारच खाली आहे. हात घातला.
११.२०. हात निघत नाही.
११.३५. बायकोने भांड्यांचा साबण ओतला. हात निघाला. ही युक्ती मॅन्युअलमध्ये नाही. कंपनीला कळवायला हवी.
१.१०. पंप बाहेर!! एक वायर मध्येमध्ये करत होती. जरा जोर दाखवला, कटकन सुटली. पंप आता डायनिंग टेबलवर. पुसला, फुंकर मारली, टूथब्रशने घासला. (टूथब्रश बायकोचा निघाला. त्यावर वेगळं बोलणं झालं.)
४.३०. परत बसवला. दोन स्क्रू उरले. कंपन्या जादाच देत असणार. जॅमच्या बरणीत ठेवले.

७ मार्च, सकाळ
आवाज बंद! चिडीचूप! पार्किंगमध्ये नाचलो. शेजारच्या दंतवैद्यांना हात धरून ओढत आणलं आणि ऐकवलं. ते म्हणाले, काहीच ऐकू येत नाही. म्हटलं, तेच तर, डॉक्टर!

८ मार्च
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. छोट्या इंजिनाचं चित्र आहे. बहुतेक अभिनंदन.
बायको म्हणाली, वायर परत लावलीत का? म्हटलं, लावायचं ते सगळं लावलंय. मग तिने विचारलं, दिवा लागलेली गाडी तपासणीत पास करतात का? पान २१४ काढलं. करत नाहीत.

९ मार्च
दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता दिसत नाही.
बायको गाडीतून वाणसामान काढायला म्हणून गेली ती अर्ध्या तासाने आली. हात काळेकुट्ट, केस मोकळे. मोकळे केस शोभतात तुला, असं सांगितलं. संसारात कौतुकही हवं.

१० मार्च, सकाळ
घूंऽऽ परत आलं. संपलं सगळं. चहाही गेला नाही.
दुपार. शांतपणे विचार केला. हा तो आवाज नव्हेच! तो रडका होता. हा कसा खणखणीत, ठणठणीत! माझ्या साफसफाईने पंपाचा घसा मोकळा झालाय. दोनदा चहा घेतला.

१२ मार्च
चिकटपट्टी काढली. दिवा गेलेला! गुदमरला असावा. मी स्वतःलाच कधीकधी घाबरतो.

१३ मार्च, रविवार
सासरे आले. नेहमीप्रमाणे हातांकडे पाहिलं. हातांवर तीन पट्ट्या. मुद्दाम पुढे केले. काय झालं, म्हणाले. म्हटलं, उद्या सकाळी कळेल.

१४ मार्च
सकाळ. सासरे मनगटावरच्या घड्याळात बघत गाडीशी उभे. घूंऽऽ. चक्क हसले! म्हणाले, वा, जायच्या आधी आठवडाभर खपून नवा पंप बसवला होता, तसाच वाजतोय. नवा? मी विचारलं. नवा, म्हणाले. पट्ट्या लावलेले हात खिशात घातले.
दुपार. गाडी पास!!! इथे गप्प बसायला हवं होतं. पण माणूस किती दाबून ठेवणार? घरी येऊन बोनेट उघडलं आणि पंप कसा काढला, कसा घासला, सगळं साग्रसंगीत सांगितलं. सासरे वाकले. पंपाच्या वायरीचा खटका तुटलेला. प्लग निसटू नये म्हणून त्याला केसांचं रबर गुंडाळलेलं. जांभळं, पांढऱ्या ठिपक्यांचं.
सासरे म्हणाले, हे तुझं का गं? बायको म्हणाली, हो बाबा. प्लग सुटला होता.
मी तिच्या हातांकडे नीट पाहिलं. या महिन्यात पहिल्यांदाच.
सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली. मी हात पुढे केला. किल्ली माझ्या हातावरून पलीकडे, बायकोच्या हातात गेली.
रात्री बायको म्हणाली, बाबांना मी आपणहून काही सांगणार नव्हते हं. ते मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त लागलं.

२० मार्च, रविवार
नवा खटका बसवायचं काम. सासरे स्टुलावर, बायको बोनेटखाली. जॅमची बरणी मागितली, दिली. दोन्ही स्क्रू कामाचे निघाले.
मला टॉर्च दिला आहे. जबाबदारीचं काम आहे, त्याशिवाय आत काही दिसत नाही. दहा मिनिटं हात न हलवता धरून उभा होतो. एकदाही थरथरलो नाही.
मग सासरे म्हणाले, जावईबापू, आता टॉर्चचं बटणही दाबा.