विहारातला लिनक्स

बौद्धवाडी, ता. म्हसळा
९ नोव्हेंबर २०२५

चि. मनाली हिस,
काकाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तू नुसतं 'हां काका, हां काका' करतेस, म्हणून हे पत्र. कागदाला रेंज गेल्याचं सोंग करता येत नाही.

तुझ्या ऑफिसनं मोडीत काढलेले संगणक विहारात मांडले. नवी विंडोज त्यांच्यावर चालत नाही हे तूच म्हणालीस. म्हणून म्हसळ्याच्या गणराजला बोलावून सगळ्यांवर लिनक्स टाकून घेतलं. फुकट मिळतं म्हणून नव्हे, हे नीट वाच. त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, अशी ती व्यवस्था आहे. माझा आजा ओंजळभर पाण्यासाठी महाडच्या तळ्यापर्यंत चालत गेला होता. त्याच्या नातवानं कुलपातली विद्या विहारात आणावी काय?

त्यांच्यावर मी वर्ग घेतो, त्याला वाडीतल्या बायका येतात. माझी सून, म्हणजे तुझी सुचितावहिनी, सगळ्यांत पुढे. सम्यकचं रोह्याच्या कारखान्यातलं काम सुटलं, ते तुला ठाऊक आहेच. हरिहरेश्वरच्या एका लॉजवर पाहुण्यांची नोंद करायला बाई हवी आहे. सुचिताला ते काम लागलं तर घर इथं राहील. नाहीतर सम्यक बायको-पोरीला घेऊन मुंबईकडे खोली बघणार. मग मी भिंतींना भाषणं देईन. काकी म्हणते, आत्ता वेगळं काय चाललंय.

उत्तर पत्रानंच दे. माया आहे ती वाढती ठेव.
तुझा,
दत्तारामकाका


कामोठे
१६ नोव्हेंबर २०२५

ती. काकांना,
मनालीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा टाळ्या कुठे वाजवायच्या ते बघायला.

लिनक्सला मी नावं ठेवत नाही. आमच्या ऑफिसचे मोठे सर्व्हर त्याच्यावरच चालतात. पण ते चालवणारे शिकून आलेले आहेत. नवख्या माणसाला स्वातंत्र्याच्या आधी सोबत लागते, काका. अडलं तर शेजारी विचारता यावं, झेरॉक्सवाल्याला, बँकेतल्या पोरीला. त्या सगळ्यांच्या पुढ्यात विंडोज आहे. तुमच्या लिनक्सचा जाणकार अख्ख्या म्हसळ्यात तो एक गणराज, आणि क्रिकेटची मॅच असली की तो फोन उचलत नाही. लॉजवर विंडोजच असणार. वहिनी तिथे अडली तर महाडचं तळं तिच्या मदतीला येणार आहे का?

माझा जुना लॅपटॉप आहे, विंडोजचा. पाठवू का? काकींना नमस्कार. रागवा, पण जेवूनखाऊन रागवा.
आपली,
मनाली


बौद्धवाडी
२४ नोव्हेंबर २०२५

चि. मनाली हिस,
जयभीम व आशीर्वाद.

तू म्हणालीस तसंच झालं. सुचिता लॉजवर गेली. मालक बाळाजीशेठ, त्यांनी तिला पाहुण्याचं नाव चढवायला सांगितलं. पडदा वेगळा, चित्रं वेगळी. ती हात मांडीत घेऊन बसून राहिली. शेठ म्हणाले, मॅडम, कॉम्प्युटर काय चावतोय काय? दुपारच्या एसटीनं परत आली, जेवली नाही. सम्यकनं खोलीसाठी फोन लावायला सुरुवात केली आहे.

तरी तुझा मुद्दा मला मान्य नाही. शेजाऱ्याला येतं तेवढंच शिकायचं, असं मागच्यांनी म्हटलं असतं तर या वाडीत एकही मॅट्रिक झाला नसता. जाणता शेजारी नसेल तर तो घडवावा लागतो! आणि सगळ्या जगाला एकाच दुकानाच्या दारात उभं करून त्याला सोय म्हणायचं, ही कसली सोय?

इतकं लिहून थांबलो. स्वयंपाकघरात सुचिता भांडी घासते आहे, आवाज न करता. तिच्यापुढे यातलं एक वाक्य मला म्हणवत नाही.

लॅपटॉप पाठव. तुझ्यावरचा माझा लोभ मात्र त्याच्यासोबत परत पाठवू नकोस.
दत्तारामकाका


बौद्धवाडी
५ डिसेंबर २०२५

प्रिय मनालीताई,
सुचिताचा जयभीम.

लॅपटॉप मिळाला. आबांनी तुमचा शब्द राखला, त्याच्यावरही मन लावून शिकवलं. त्यांच्यापुढं सगळं येत होतं. ते चहाला उठले आणि माझे हात परत मांडीत. तेव्हा मला कळलं.

ताई, विहारात वंदना कशी होते, एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. आबांनी कॉम्प्युटरपण तसाच शिकवला. ते म्हणणार, आता माउसची डावी कळ, की आम्ही सगळ्याजणी एकदम डावी कळ. आपल्या मनानं कुणी बोट हलवलं नाही. लॉजवर विंडोज होतं म्हणून मी अडले नाही. पुढं म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून अडले.

हे आबांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आईंना सांगितलं. त्या सरळ आबांना म्हणाल्या, अहो, तुम्ही बाहेर बसा, आत बायकांचं काम हाय. दार लावून घेतलं आणि आम्ही दिसेल ते दाबलं. ठमाबाईंनी पडदाच उलटा केला, सगळ्या माना वाकड्या करून हसत होतो. केसरचं मशीन तर उठेचना. गणराजनं ठेवलेला पेनड्राइव्ह लावून, एकेक ओळ वाचत, आम्हीच त्याच्यावर लिनक्स परत चढवलं. आधी चुकलं, मग जमलं. बिघडलं तरी कुणाला न विचारता परत चढवता येतं, म्हणून हात धजावला. तेवढं आबांचं खरं. मग लॅपटॉपवर लॉजसारखा पडदा एकटीनं धुंडाळला. तो नसता तर तिथं पुन्हा बावरले असते. तेवढं तुमचं खरं.

आबा बाहेर दोनदा खाकरले. दार उघडलं नाही.

सोमवारी शेठकडे जाऊन म्हणणार आहे, नोकरीचं मागाहून बघा, एक दिवस बसू द्या. ह्यांना खोलीचं तोवर थांबा म्हटलंय. आमच्यावर जीव असू द्या.
तुमची,
सुचिता


बौद्धवाडी
२१ डिसेंबर २०२५

चि. मनाली हिस,
जयभीम व आशीर्वाद.

सुचिताला लॉजवर ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी तिनं पुण्याच्या एकाच कुटुंबाचं नाव चुकून दोन खोल्यांवर चढवलं, शेठ ओरडले. ही म्हणाली, थांबा, माझी चूक मलाच काढू द्या. आणि काढली. सम्यकनं खोलीचं रद्द केलं, आता श्रीवर्धनला काम बघतो आहे. नात माझ्या चष्म्याशी खेळते आहे म्हणून अक्षर असं.

वर्ग चालू आहे. बायका मला बाहेर खुर्ची देतात, चहा देतात. आत हशा होतो, काहीतरी बिघडतं, पुन्हा हशा होतो. पन्नास वर्षं मी सभा गाजवल्या. टाळ्या मिळाल्या, पण असा हशा कधी ऐकला नव्हता.

तुझ्यामाझ्या वादाचा निकाल मात्र लागायला हवा होता. म्हणून आज सकाळी सुचिता कामाला निघताना मी तिला दारातच अडवलं. नवख्या माणसाला दोन्हींतलं कुठलं बरं, ते स्पष्ट सांग, म्हटलं. पायात चप्पल सरकवत ती म्हणाली, आबा, आपण चुकताना कुणी पुढ्यात उभं नसेल, ते बरं. आणि आता सरका, माझी एसटी जाईल.

मी सरकलो.

काकीचा तुला पापा. लोभाचं काही मागत नाही, तू देशीलच.
दत्तारामकाका